रानात केबिन बांधायच्या आहेत, पण रान तसंच राहिलं पाहिजे

कवडसा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितोच.

आमच्या कुटुंबाकडे साधारण साडेपाच हेक्टर रान आहे. उतारावरचं, मिश्र झाडांचं. खालच्या अंगाला एक ओढा, वर्षातले काही महिनेच वाहतो. वरच्या टोकाला एक जुनी मोकळी जागा आहे. पूर्वी तोड चालायची तेव्हा तिथे ओंडके रचून ठेवत. तोड बंद होऊन तीस वर्षं झाली आणि रान आपलं आपण परत उभं राहिलं. कुणी एक रोप लावलेलं नाही.

आता आम्ही तिघं भावंडं आहोत. जागा सांभाळायला खर्च येतो आणि विकत घ्यायला लोक विचारतात. विकली तर झाडं राहणार नाहीत हे आम्हाला स्पष्ट दिसतंय. म्हणून रानानेच स्वतःपुरतं कमवावं असा विचार आहे. आठ छोट्या केबिन, प्रत्येकी दोन माणसं, दोन-तीन रात्रींचा मुक्काम. येणाऱ्याने शांत बसावं, चालावं, जावं. तलाव, पार्टी, संगीत यातलं काही नाही.

कागदावर काढलेला आराखडा असा: केबिन एकमेकींपासून लांब, पूर्ण रानात विखुरलेल्या, एकीवरून दुसरी दिसणार नाही. दोन अगदी ओढ्याला लागून. मधून तीन मीटर रुंदीचा कच्चा रस्ता, म्हणजे सामान आणि पाहुणे दारापर्यंत पोहोचतील. पाया कसला घ्यावा, शौचालयाचं काय करावं आणि वीज कुठून आणावी हे तीन प्रश्न आहेत. कौतुक नको, चुका सांगा. अजून एकही खड्डा खणलेला नाही, तेव्हा सगळं बदलता येईल.

सुतारपक्षी

खड्डा खणला नाहीत हे सगळ्यात चांगलं केलंत. पायापासून सुरू करतो, माझा धंदाच लाकडी बांधकामाचा.

काँक्रीटचा सलग चौथरा रानात नको. त्यासाठी जमीन सपाट करावी लागते, म्हणजे उताराला कापून भर घालावी लागते, आणि पावसाचं पाणी जिथून झिरपत होतं तिथून अडवलं जातं. शिवाय मिक्सर आणि खडी आत न्यायची तर रस्ता लागतोच. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा आठ टक्क्यांच्या घरात आहे, तोही हिशेबात धरा.

स्क्रू पाइल वापरा. लोखंडी नळीच्या टोकाला मळसूत्रासारखं पातं असतं, ते जमिनीत फिरवत उतरवायचं. माती बाहेर येत नाही, वाट बघावी लागत नाही, त्याच दिवशी वर तुळई ठेवता येते. छोट्या केबिनचे पाइल हातात धरायच्या यंत्राने दोन-तीन माणसं बसवतात. उद्या केबिन काढायची ठरली तर उलटे फिरवून बाहेर. ही पद्धत नवी नाही. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने १८३३ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि समुद्रातल्या वाळूवर आणि चिखलावर दीपस्तंभ उभे केले. तो माणूस अंध होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ हातातला पाइल नुसता चाचपत बसलो होतो.

दोन सावधगिऱ्या. खाली खडक लवकर लागत असेल तर स्क्रू पाइल उतरत नाही. तिथे खडकात भोक पाडून सळई बसवावी लागते. म्हणून प्रत्येक जागेवर आधी एक चाचणीचा पाइल. आणि तळ जमिनीपासून निदान गुडघाभर वर ठेवा. खालून हवा खेळली की लाकूड कुजत नाही, वाळवीची माती चढलेली लगेच दिसते, आणि लहान प्राण्यांची ये-जा चालू राहते.

मुळाक्षर

सुतारपक्षींशी सहमत, फक्त पाइल कुठे उतरवायचा हे झाड ठरवेल.

लोकांना वाटतं मुळं खोडाच्या बरोबर खाली खोलवर जातात. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या साठेक सेंटिमीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याच्या बाहेरपर्यंत आडवी पसरतात. ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकात एक सोपा हिशेब आहे: दीड मीटर उंचीवर खोडाचा जो व्यास असेल त्याच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे मुळांचं राखीव क्षेत्र. पन्नास सेंटिमीटर व्यासाचं झाड धरलं तर त्रिज्या सहा मीटर, क्षेत्र ११३ चौरस मीटर. एका झाडाचं! तुमच्या आराखड्यावर प्रत्येक मोठ्या झाडाभोवती हे वर्तुळ काढा आणि मग तुमचा तीन मीटरचा रस्ता त्यावर ठेवून बघा. एकही वर्तुळ न कापता तो जाणार नाही.

आणि रस्ता म्हणजे मुळं तोडणंच असं नाही. माती दाबली जाणं हे त्याहून वाईट, कारण ते दिसत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा आणि पाणी असतं, मुळं त्यावर जगतात. ओल्या मातीवरून वजनदार गाडी गेली की पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच बहुतेक नुकसान होऊन जातं, पुढच्या शंभर फेऱ्या त्यात फार भर घालत नाहीत. झाड मात्र लगेच काही सांगत नाही. पाच-सात वर्षांनी शेंडा वाळायला लागतो आणि मग लोक कीड शोधत बसतात.

बांधकामाच्या काळात जिथून ये-जा होणार तिथे आधी लाकडाच्या चिपांचा वीतभर जाड थर आणि त्यावर फळ्या. काम सुरू व्हायच्या आधी राखीव वर्तुळांभोवती कुंपण. नुसती दोरी नको, दोरीखालून सिमेंटची पोती आत जातात. मी स्वतः पाहिलंय.

चिमणपाखरू

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही असंच एक रान आहे, लहान. वाचतेय.

पायवाट

मी पंधरा वर्षं जंगलातल्या पायवाटांच्या देखभालीचं काम केलं. तुमचा मुख्य प्रश्न पाया, शौचालय, वीज यांपैकी कुठलाच नाही असं मला वाटतं. केबिन विखुरणं हा आहे.

माणसांच्या वावराने जमिनीचं काय होतं यावर अनेक दशकांचा अभ्यास झालेला आहे आणि त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वावर आणि नुकसान यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीच्या थोड्या वावरातच रोपटी मोडतात, पालापाचोळ्याचा थर फुटतो, माती उघडी पडते. त्यानंतर वावर दुप्पट झाला तरी नुकसान दुप्पट होत नाही. म्हणून वापरात असलेली जागाच वापरत राहायची आणि बाकीची पूर्ण सोडायची.

तुमची एक केबिन तीस चौरस मीटर धरू. आठ मिळून २४० चौरस मीटर, म्हणजे साडेपाच हेक्टरांत अर्धा टक्कासुद्धा नाही. हे ऐकायला छान वाटतं. आता त्या आठ ठिकाणांना जोडणारा रस्ता, पाण्याची नळी, तार, साफसफाईला जाणाऱ्या माणसाची वाट, पाहुण्याने ओढ्याकडे पाडलेली आडवाट, प्रत्येक केबिनभोवती रोज पाय पडणारी जागा, हे सगळं मोजा. शिवाय प्रत्येक मोकळी जागा म्हणजे एक नवी कड. कडेने ऊन आणि वारा आत शिरतो, माती सुकते, तण येतं, आणि हा परिणाम कडेपासून कित्येक मीटर आतपर्यंत पोहोचतो. आठ विखुरलेल्या केबिन म्हणजे संपूर्ण रान कडांनी भरलं. रानाचा आतला भाग उरलाच नाही.

तुमच्याकडे एक खराब झालेली जागा आधीच आहे, वरचं मोकळं मैदान. तिथली माती तीस वर्षांपूर्वीच दाबली गेली. केबिन त्याच्या कडेने उभ्या करा.

एक उदाहरण देतो. कॅरिबियनमधल्या सेंट जॉन बेटावर स्टॅन्ली सेलेंगट यांनी १९७६ मध्ये माहो बे कॅम्प्स सुरू केलं. डोंगरउतारावर, झाडांमध्ये, लाकडी चौथऱ्यांवरचे तंबू-निवारे. त्यांनी आधी जमिनीपासून उचललेल्या लाकडी वाटा बांधल्या, मग त्या वाटांवरूनच सामान हाताने नेऊन निवारे उभे केले. नळ्या आणि तारा त्या वाटांच्या खालून नेल्या, चर खणलेच नाहीत. सुरुवात १८ निवाऱ्यांनी झाली आणि पुढे ११४ पर्यंत गेली. जागा भाडेपट्ट्याची होती, पट्टा संपला आणि २०१३ मध्ये ते बंद झालं. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी वाट, मग घर. बहुतेक ठिकाणी आधी घर बांधतात आणि वाट जशी पडेल तशी पडते.

कवडसा

पायवाट, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. पटतोय आणि त्रासही होतोय, कारण विखुरलेल्या केबिन हाच माझ्या डोक्यातला सगळा आनंद होता. माणूस रानात येतो तो एकटं वाटावं म्हणून. मैदानाच्या कडेला ओळीत उभ्या केल्या तर ते वसतिगृह होईल.

आणि ओढ्याकाठच्या दोन तरी राहू द्याव्यात असं वाटतं. तिथेच मी लहानपणी तासन्‌तास बसायचो.

मुळाक्षर

कवडसा, एकांत नुसत्या अंतराने मिळत नाही. दार कुठे उघडतं आणि खिडकी कुठे बघते याने मिळतो. मैदानाच्या कडेला केबिनची पाठ मैदानाकडे, तोंड रानाकडे. शेजारची केबिन पंधरा-वीस मीटरवर, पण तिचा कोन थोडा फिरवलेला, मध्ये आहे ती झुडपं तशीच ठेवलेली. ओसरीत बसलेल्याला समोर फक्त खोडं दिसतील. मागे काय आहे हे त्याला आठवणारही नाही.

ओढ्याबद्दल मात्र ठाम सांगते, नको. काठची ओली पट्टी ही रानातली सगळ्यात गजबजलेली जागा. कोरड्या दिवसांत सगळे प्राणी तिथेच येतात, बेडूक तिथे वाढतात, पूर आला की पाणी तिथेच पसरतं. जंगलात मुक्काम करणाऱ्यांसाठी ‘लीव्ह नो ट्रेस’ची जी तत्त्वं आहेत त्यांत तंबूसुद्धा पाण्यापासून साठ मीटर लांब लावायला सांगितलंय, आणि तंबू तर सकाळी उचलला जातो. तुम्ही लहानपणी तिथे बसायचात तसंच पाहुण्यांनाही बसू द्या. काठावर एक ओंडका पुरेल.

ओढाकाठ

नाव बघून सगळे माझ्याकडेच बघणार, म्हणून पाण्याचं आणि मैल्याचं मी लिहितो. हा विषय लोक शेवटी ठेवतात आणि नेमका तोच जागा बिघडवतो.

फ्लशचं शौचालय आणि सेप्टिक टाकी हा नेहमीचा उपाय. पण टाकीसाठी मोठा खड्डा, शोषचर, आणि टाकी उपसायला येणारा टँकर, म्हणजे पुन्हा रस्ता. उतारावर झिरपलेलं पाणी खाली ओढ्यातच येणार. मी कोरड्या शौचालयाच्या बाजूने आहे, लघवी वेगळी काढणाऱ्या. मुद्दा साधा आहे: शरीरातून बाहेर पडणारं बहुतेक नायट्रोजन लघवीत असतं. ती मैल्यात मिसळली की ओल वाढते, हवा शिरत नाही, दुर्गंधी येते. वेगळी काढली आणि मैल्यावर प्रत्येक वेळी मूठभर भुसा किंवा सुका चुरा टाकला तर वास राहत नाही. मी हे आठ वर्षं वापरतोय.

वायुनळीबद्दल. १९७० च्या दशकात आजच्या झिंबाब्वेमध्ये पीटर मॉर्गन यांनी ब्लेअर शौचालय बनवलं. आतला भाग अंधारा, एक उभी नळी छपराच्या वर गेलेली, तिच्या तोंडावर जाळी. वाऱ्याने नळीतून हवा वर ओढली जाते, आणि आत जन्मलेल्या माश्या उजेडाकडे म्हणून नळीत चढतात आणि जाळीखाली अडकून मरतात. अतिशय हुशार रचना आहे, पण ती वाऱ्यावर चालते. दाट झाडीत वारा कमी आणि नळीवर ऊन नाही. म्हणून रानात त्या नळीत दोन-तीन वॉटचा छोटा पंखा लागतोच. हे न केल्याने पहिल्याच वर्षी पाहुणे नाकाला रुमाल लावून परतलेलं ठिकाण मला माहीत आहे.

साठवणीचं: जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, थंड हवेत म्हणजे २ ते २० अंश सेल्सिअसला दीड ते दोन वर्षं, आणि २० ते ३५ अंशांत एक वर्षाहून जास्त काळ मैला नव्याने भर न घालता नुसता ठेवायचा. म्हणजे प्रत्येक केबिनला अदलाबदलीच्या पेट्या आणि त्या ठेवायला झाकलेली, पक्क्या तळाची एक सामाईक जागा हवी. ती मैदानावर येते. पुन्हा तेच.

आणि तयार झालेलं खत रानात पसरू नका. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. रानाची माती तिच्या गरजेपुरती पोसलेली असते, त्यात जास्तीचं नायट्रोजन घातलं की आधी तण माजतं आणि हलक्या मातीत वाढणाऱ्या नाजूक वनस्पती हटतात. लावलेल्या बागेत, फळझाडांना वापरा.

आंघोळीचं आणि हात धुण्याचं पाणी एका केबिनमागे दिवसाला १२० लिटरच्या आसपास धरा. हे पाणी एक दिवसाच्या वर साठवायचं नाही, सडतं. आधी गाळण, मग वनस्पतींचा वाफा. खडीत वाढणाऱ्या पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग कॅथे झायडेल या जर्मन शास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात सुरू केले, तेव्हा त्यांना फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. नुसत्या आंघोळीच्या पाण्याला माणशी एक-दोन चौरस मीटर वाफा साधारण पुरतो. फक्त बाहेरून आणलेली, पसरत जाणारी बोरूची जात लावू नका. ओढ्याकाठी आधीच जे उगवतंय तेच लावा.

ऊनसावली

विजेचा हिशेब मी मांडतो. एका केबिनचा एक दिवस:

पाच वॉटचे चार दिवे पाच तास, १०० वॉट-तास. पंचवीस वॉटचा पंखा आठ तास, २००. दोन फोन, ३०. पाण्याचा साठ वॉटचा पंप अर्धा तास, ३०. ओढाकाठ म्हणतात तो शौचालयाचा पंखा तीन वॉटचा, चोवीस तास, ७२. एकूण ४३२. हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट, तेव्हा आठ केबिनचे साडेतीन युनिटही होत नाहीत.

आता आंघोळीचं पाणी विजेवर तापवलं तर? चाळीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला १.१६ युनिट. म्हणजे एका माणसाची आंघोळ ही त्या केबिनच्या बाकी सगळ्या दिवसापेक्षा अडीचपटीहून जास्त. उष्णता निर्माण करणारी एकही वस्तू विजेवर ठेवली नाही तर सगळी व्यवस्था लहान राहते. पाणी सौर नळ्यांवर तापवा.

प्रत्येक छपरावर एक पॅनेल ही कल्पना सोडा. दाट सावलीत पॅनेल जवळजवळ निकामी असतं, आणि त्यासाठी झाड तोडायचा मोह होतो. उन्हात एकच जागा निवडा आणि तिथे सगळी पॅनेल ठेवा. रोज चार तासांच्या भरघोस उन्हाइतकी ऊर्जा मिळते असं धरलं आणि तीस टक्के गळती धरली तर सव्वा किलोवॉटची पॅनेल पुरतात. तीन ढगाळ दिवसांसाठी साडेदहा युनिटची बॅटरी. तिथून केबिनपर्यंत बारा व्होल्टवर तार ओढू नका. अठ्ठेचाळीस व्होल्टवर तेवढ्याच शक्तीला प्रवाह चौथा हिस्सा लागतो आणि त्याच तारेत गळती सोळाव्या हिश्श्यावर येते. उन्हाची जागा म्हणजे अर्थातच ते मैदान.

निशाचर

मी पतंग आणि वटवाघळं बघणारा माणूस. रात्रीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

स्वच्छ आकाशातली पौर्णिमासुद्धा जमिनीवर पाव लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड देते. ओसरीवरचा साधा दिवा याच्या कित्येक पट. रानातल्या बऱ्याच हालचाली अंधारात चालतात, आणि दिव्याभोवती फिरून थकलेला पतंग ना फुलावर जातो ना अंडी घालतो. वाटेवर दिवे लावूच नका. पाहुण्याच्या हातात विजेरी द्या. केबिनबाहेर एकच दिवा, वरून आणि बाजूंनी झाकलेला, पिवळट अंबर रंगाचा, माणूस आला की लागणारा आणि मिनिटभरात विझणारा. आतले दिवेही २७०० केल्विनच्या वर नकोत (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळट), आणि पडदे जाड. मोठ्या काचेतून बाहेर पडणारा उजेड हा बाहेरच्या दिव्याइतकाच बाहेरचा असतो.

काचेचं दुसरं दुखणं पक्ष्यांचं. काचेत झाडांचं प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी सरळ येऊन आदळतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला पाच सेंटिमीटर अंतराने ठिपके किंवा बारीक रेघा हव्यात. कोपऱ्यात चिकटवलेलं ससाण्याचं एक चित्र काही कामाचं नाही, पक्षी त्याच्या शेजारून आदळतो.

आणि ढोलीची झाडं, उभी वाळलेली झाडं, पडलेले ओंडके काढू नका. जंगलातल्या जीवजातींपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा मेलेल्या लाकडावर कुठल्या ना कुठल्या टप्प्यात अवलंबून असतो.

ठिणगी

निशाचर, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून राहवलं नाही. मी अग्निशमन दलात होतो. केबिनला टेकून वाळलेलं लाकूड राहू देणार असाल तर मी तिथे कुणाला झोपू देणार नाही.

वणव्यात घरं बहुतेक वेळा समोरून आलेल्या ज्वाळांनी पेटत नाहीत. वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्या पन्हळीतल्या सुक्या पानांत, फळ्यांच्या फटीत, तळाखाली साठलेल्या पाचोळ्यात पडतात. त्यामुळे केबिनपासून दीड मीटरपर्यंत पेटणारं काहीही नको, सरपण नाही, भुश्याचा थर नाही. दहा मीटरपर्यंत खालचा पाचोळा आणि वाळकी लाकडं वेळोवेळी काढायची. तळाखालच्या आणि छपराच्या झरोक्यांना तीन मिलिमीटरची धातूची जाळी. छप्पर पत्र्याचं. शेकोटी एकच, सामाईक, दगडी कड्यात. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, कारण राखेत निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. एकाच वाटेच्या टोकाला असलेली केबिन म्हणजे पिंजरा.

आणि आमची गाडी कुठपर्यंत येईल हे मला आधी सांगा.

निशाचर

ठिणगी, मान्य. दहा मीटरच्या आत तुमचं, त्यापलीकडे माझं. मात्र उभं वाळलेलं झाड केबिनवर पडेल इतकं जवळ असेल तर झाडाला हात न लावता केबिन सरकवा. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडलं की झालं.

रानभूल

झाडावरच्या केबिनबद्दल कुणी बोललं नाही. जमिनीला स्पर्शच नको असेल तर तोच मार्ग नाही का?

मुळाक्षर

रानभूल, सगळं वजन आणि वाऱ्याचा झोका तुम्ही एका जिवंत झाडावर टाकताय. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड आपल्या त्वचेसारखी जखम भरून काढत नाही. ते जखमेभोवती भिंत उभी करतं, तो भाग कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड चढवतं. म्हणून पन्नास खिळ्यांपेक्षा एक जाडजूड बोल्ट बरा, आणि खोडाला आवळलेला पट्टा किंवा तार सगळ्यात वाईट. निरोगी, मोठं झाड आणि जाणकार माणूस असेल तर एखादी करता येते. पण जिन्याच्या पायथ्याशी मुळांवर रोज पाय पडतातच. जमिनीला स्पर्श नाही हे चित्रात खरं असतं.

एकटाच

सगळ्यांनी छान माहिती दिलीय. पण मला मनापासून विचारायचंय, तीस वर्षांत जे रान स्वतः उभं राहिलं तिथे माणसं न्यायचीच कशाला? कितीही हलका पाय ठेवला तरी तो पायच.

कवडसा

एकटाच, हा प्रश्न माझी धाकटी बहीणही विचारते आणि मी तो टाळत नाही. पैसा नसता लागला तर कुणालाच नेलं नसतं. पण या रानाला न विकता ठेवण्यासाठी दरवर्षी काहीतरी उभं करावं लागणार आहे, आणि लाकूड विकणं किंवा माणसं आणणं हे दोनच मार्ग आमच्यासमोर आहेत. तिसरा असेल तर खरंच सांगा.

पायवाट

एकटाच यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही, पण एक पद्धत आहे. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये ‘स्वीकारार्ह बदलाची मर्यादा’ अशी चौकट मांडली. तोवर सगळे विचारायचे की या जागेत किती माणसं चालतील. त्यांनी विचारलं, या जागेत किती बदल आपल्याला चालेल? तो आधी ठरवायचा, मोजता येईल अशा शब्दांत. वाटेची रुंदी, उघड्या मातीचे चौरस मीटर, ओढ्यातल्या बेडकांचे आवाज, एका ठरावीक झाडावर दिसणारी घरटी. माणसं येण्याआधी एक वर्ष मोजायचं, म्हणजे तुलनेला काहीतरी राहतं. मर्यादा ओलांडली की केबिन बंद ठेवायची. हे आधी लिहून ठेवा आणि तिघा भावंडांच्या सह्या घ्या, कारण बुकिंग भरलेलं असताना हा निर्णय कुणालाच घेववत नाही.

एकटाच

हे लिहून ठेवणार असाल तर माझा विरोध मागे घेत नाही, पण तुमच्या पाठीशी आहे.

कवडसा

धागा वर काढतोय. मध्ये सात महिने गेले. आम्ही काही बांधलं नाही, नुसते चाललो. बहीण आणि मी दर पंधरवड्याला दोरी, खुंट्या आणि वही घेऊन जात होतो.

मोठ्या पावसात गेलो तेव्हा कळलं की जुन्या आराखड्यातली तिसरी केबिन बरोबर ओघळीत होती. कोरड्या दिवसांत ती ओघळ दिसतच नाही. ओढ्याकाठी माझी जी बसायची जागा होती, तिथे आता इतक्या ठशांची गर्दी आहे की मीच काठापासून लांब बसलो.

नवीन आराखडा असा. आठच्या पाच केबिन, सगळ्या मैदानाच्या कडेने, पाठ मैदानाकडे, तोंड रानाकडे. पॅनेल, बॅटरी, खताच्या पेट्या आणि पाण्याची टाकी मैदानावर एकाच छपराखाली. रस्ता रद्द. गाड्या मैदानाच्या तोंडाशी थांबतील, ठिणगींची गाडीही तिथपर्यंत येते हे तपासलं. पुढे सामान हातगाडीवरून. रानात जाणारी एकच गोल वाट, दोन ठिकाणी बाहेर पडणारी, जिथे मुळं वर आहेत तिथे फळ्यांची उचललेली. तिच्या सुरुवातीला बूट घासायला ब्रश, बाहेरच्या तणाचं बी येऊ नये म्हणून. ओढ्याकडे ती फक्त एका जागी उतरते, तिथे एक ओंडका आहे. आधी दोनच केबिन बांधायच्या, मग एक वर्ष मोजायचं, मग पुढच्या तिन्हींचं ठरवायचं. कागदावर सह्या झाल्या. बहिणीने मर्यादा माझ्याहून कडक लिहिल्या आहेत आणि त्या तशाच ठेवल्या.

चौथ्या केबिनची खुंटी परवा सरकवावी लागली. तिथल्या वाळलेल्या झाडाच्या ढोलीतून संध्याकाळी वटवाघळं निघाली. निशाचर, बहिणीने मोजली, एकतीस. झाडाची उंची काढून दीडपट अंतर धरलं तर चौथी आणि पाचवी फार जवळ येतात, त्यामुळे बहुधा चारच होतील.

सुतारपक्षी, चाचणीचे पाइल पहिल्या केबिनला चारही उतरले, दुसरीला एका कोपऱ्यात खडक लागला. तिथे सळई घेऊ. भिंतींची पॅनेल १.२ बाय २.४ मीटरची धरली आहेत, चौघांना वाटेवरून उचलून नेता येतील अशी. चालेल ना?

सुतारपक्षी

चालेल. साठ किलोच्या आत ठेवा आणि आधी एक रिकामं पॅनेल वाटेवरून फिरवून बघा, वळणावर अडतं का ते कळेल. अडलं तर पॅनेल लहान करा, वळण रुंद करू नका.